उघडी ओळ

१

मार्तंडबुवांचा गाण्याचा वर्ग मुलुंडला पाच रस्त्याच्या अलीकडे, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर भरायचा. दोन खोल्या आणि पुढे लांबडी गॅलरी. आतल्या खोलीत मुली गायच्या आणि गॅलरीतल्या बाकावर आम्ही आया बसायचो. कुणी तांदूळ निवडायचं, कुणी स्वेटर विणायचं, कुणी नुसतंच दुसरीच्या घरातलं उकरून काढायचं. खाली गिरणीचा पट्टा घुमत असायचा, त्यानं बाकसुद्धा थरथरायचं. घरी निघेपर्यंत सगळ्यांच्या केसांवर पीठ. आमच्या चाळीतली सुहासिनी मला म्हणायची, "जयंती, काळी येतेस आणि पांढरी होऊन जातेस बघ!"

मी आधीच सांगून टाकते, मला गाण्यातलं काडीचं कळत नाही. माझा आवाज ऐकून कावळेसुद्धा उठून जातील. पण आमच्या कुंदाचं तसं नव्हतं. तेरा वर्षांची पोर, अंगानं काडी, पण गायला लागली की खालचा गिरणीवाला पट्टा थांबवून वर बघायचा. बुवा तोंडावर कुणाचं कौतुक करणारे नव्हेत. तरी एकदा मला म्हणाले होते, "जयंतीबाई, असा आवाज शिकवून येत नाही. तो आला तर सांभाळायचा असतो."

बुवांची शिकवायची एक तऱ्हा होती. ओळ म्हणायची आणि शेवटचे शब्द सोडून द्यायचे. ती सोडलेली जागा मुलींनी भरायची. लहान मुलींसाठी त्यांनी स्वतःच भूपात एक सोपी चीज बांधली होती. "पाणियाला जाऊ सखी, चल गं..." एवढं म्हणून थांबायचे, मांडीवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "भरा!" की सगळ्या पोरी एका सुरात, "हळू हळू."

सूर चुकला तर बुवा हसून सोडून द्यायचे, पण ओळ उघडी टाकून कुणी उठलं की त्यांचं डोकं फिरायचं. एकदा सुहासिनीची क्षमा अशीच मध्ये उठून आईबरोबर निघाली, तर बुवा अनवाणी जिना उतरून आले आणि भाजीवाल्यांच्या गराड्यात तिच्याकडून "हळू हळू" म्हणवून घेतलं. "उघडी ओळ मागे ठेवून जायचं नाही," म्हणाले. आम्ही पदर तोंडाला लावून हसलो होतो.

मग त्या थंडीत कुंदाला घटसर्प झाला. वर्गातच कळलं. एकटीनं म्हणायची पाळी तिची होती. बुवांनी जागा सोडली, हिनं तोंड उघडलं आणि हात गळ्याशी नेला. चेहरा निळा पडत गेला. मी आत धावले, कुणीतरी टांगा आणला, आम्ही तिला उचलून नेलं. हॉस्पिटलात गळ्याला भोक पाडून नळी घातली म्हणून पोर वाचली. आवाज मात्र गेला. कुजबुजसुद्धा नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, "जीव राहिला यात समाधान माना."

मी कसलं समाधान मानते! बरी झाल्यावर तिला परत वर्गात नेऊन बसवलं. गाता येत नाही तर मागे बसून तंबोरा छेड म्हटलं. सूर कानावर पडत राहिला तर गळा कधीतरी आठवेल, असं माझ्या मनानं घेतलं होतं. सगळे म्हणाले, पोरीवर दया कर. आमचे हे पण म्हणाले. मी कुणाचं ऐकलं नाही.

२

त्या दिवशी दुपारची उन्हं गॅलरीत आली होती. माझ्या मांडीवर तांदळाचं सूप. आत बुवा म्हणाले, "पाणियाला जाऊ सखी, चल गं..." मांडीवर थाप पडली. पोरींनी भरलं, "हळू हळू."

माझा हात सुपातच थांबला.

त्या सगळ्या आवाजांत कुंदाचा आवाज होता. आईला काय, गर्दीतून पोराचं नुसतं खोकणंसुद्धा ओळखू येतं. मी उठून दारात गेले. कुंदा मागे भिंतीशी बसली होती, तंबोरा खांद्याला, बोटं तारांवर. ओठ घट्ट मिटलेले. बुवांनी पुन्हा जागा सोडली, पोरींनी पुन्हा भरली. आवाज पुन्हा आला, स्वच्छ, शेवटच्या अक्षरावर थोडा रेंगाळणारा, अगदी तिचा होता तसा. कुंदाचे ओठ हलले नाहीत. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

मी परत येऊन बसले. स्वतःशी म्हटलं, जयंती, तुझ्या डोक्याची वाट लागली. माझे वडील शाळामास्तर, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला ते घरात चहा देत नसत. मी त्यांची मुलगी. मनात सतत तेच, म्हणून कानात तेच. इतकं साधं आहे ते.

तेवढ्यात सुहासिनीचं विणकाम थांबलेलं दिसलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. सुया धरलेले हात तिनं मांडीत दाबून धरले होते.

"सुहास, काय झालं गं?"

"काही नाही."

"सांग ना."

"तू चिडशील," ती म्हणाली. मग अगदी हळू आवाजात, "मला वाटलं, तुझी कुंदा गातेय."

चिडते कसली! मला रडूच फुटलं. भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगते, मला त्या क्षणी आनंद झाला. माझ्या लेकीचा आवाज कुठंतरी होता. गेला नव्हता.

३

वर्ग सुटल्यावर मी मुलींना खाली पाठवलं आणि बुवांना गाठलं. ते तंबोऱ्यांना कापडी गवसण्या घालत होते.

"बुवा, तुम्ही ऐकता की नाही?"

त्यांनी "काय ऐकतो?" असं विचारलं नाही. गवसणीच्या दोरीला गाठ मारत राहिले. "पहिल्यापासून ऐकतोय," म्हणाले.

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगून काय करणार होतात?"

"काय म्हणजे? माझी पोर आहे ती!"

"पोर तुमच्या घरी आहे, जयंतीबाई." ते खाली बसले. "त्या दिवशी तिची ओळ उघडी राहिली. तुम्ही तिला घेऊन पळालात. मुली रडत होत्या. मी इथंच बसून होतो. ती ओळ मला भरता आली असती. भरायला हवी होती. पण दुसऱ्या कुणाच्या गळ्यानं ती भरायची, हे माझ्याच्यानं होईना. नंतर वर्ग पुन्हा सुरू झाला, मी जागा सोडली आणि त्या जागेत ती आली."

"मग आता द्या तिला परत."

"मी धरून ठेवलंय का?" ते एकदम ओरडले. मग शांत झाले. "मी नुसती जागा सोडतो. ती येते. खोटं कशाला बोलू, अलीकडे मी जागा जरा जास्तच लांबवतो. ऐकायला."

खिडकीच्या गजावर चिमण्या ओरडत होत्या. खाली गिरणी बंद झाली होती, त्यामुळे खोली एकदम मोकळी वाटत होती. मी तरी आजूबाजूला बघितलंच. चटया, पेटी, भिंतीवर सरस्वतीची तसबीर. दुसरं काय असणार?

४

कुंदा त्यानंतर वर्गात यायला तयार होईना. पायात चपला घालायला सांगितलं की दाराची चौकट धरून उभी राहायची. बोलता येत नाही, पण हातांनी सगळं सांगायची. स्वतःच्या गळ्यावर हात ठेवायची, मग वर्गाच्या दिशेनं बोट दाखवायची, मग दोन्ही हात जोडायची. मला कळत होतं. मी कळून न कळल्यासारखं करत होते.

मग तिला ताप आला. आठवडाभर अंथरुणात. शेजारच्या जानकीमावशींना तिच्याजवळ बसवून मी एकटीच वर्गाला गेले. का गेले? पाहायला. कुंदा घरी असली तर आवाज येणार नाही, मग सगळे मनाचे खेळ होते हे सिद्ध होईल आणि मी गप्प बसेन, असं ठरवलं होतं.

आवाज आला. मागच्या भिंतीशी कुणी नव्हतं, नुसता तंबोरा आडवा ठेवलेला होता, आणि आवाज तिथूनच आला. उलट आज तो जरा मोठाच होता.

आता दुसरी कुणी असती तर पोरीला घेऊन भांडुपला माहेरी गेली असती आणि पुन्हा त्या रस्त्याला फिरकली नसती. मी गॅलरीत उभी राहून विचार केला की हा आवाज वर्गात राहतो, कारण वर्गात त्याच्यासाठी जागा सोडतात. मग घरी सोडली तर? माझ्या लेकीचा आवाज लोकांच्या घरात का राहावा? तो आमच्या घरात आला तर कधीतरी तिच्या गळ्यात जाईलच ना!

बुवांकडे मी एक तंबोरा मागितला. त्यांनी कशाला ते विचारलं नाही. देताना मात्र क्षणभर हातातून सोडला नाही.

५

आमच्या चाळीत आमच्या दोन खोल्या. बाहेरची बसाउठायची, आत स्वयंपाकघर. मध्ये दार. दुपारी हे ऑफिसात, चाळ जेवून आडवी झालेली. मी तंबोरा कुंदाच्या हातात दिला आणि माझ्या कावळ्याच्या आवाजात म्हटलं, "पाणियाला जाऊ सखी, चल गं..." आणि थांबले.

काही नाही. नळातून पाणी ठिबकत होतं.

रोज दुपारी हेच चालू झालं. मी म्हणायची, थांबायची, कान लावून बसायची. कुंदा तंबोरा खाली ठेवून माझ्या तोंडावर हात ठेवायची. मी तिचा हात बाजूला करायची. "अगं, तुझ्याचसाठी ना! तुला 'आई' म्हणावंसं वाटत नाही का? मला ऐकावंसं वाटतं गं. वेड लागेल मला." ती मान हलवत राहायची. डोळ्यांतून पाणी गळायचं.

एका दुपारी मी ओळ सोडली आणि स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

"हळू हळू."

दार लोटलेलं होतं. आत कुणी नव्हतं, हे मला माहीत होतं, कारण नुकतीच मी भांडी घासून बाहेर आले होते. आवाज चुलीच्या कोपऱ्यातून आला असावा. कुंदा भिंतीला पाठ लावून बसली होती, पाय पोटाशी घेऊन. आणि मी? मी जमिनीवर डोकं टेकून हुंदके देत होते. "ये गं बाई," म्हणत होते. "ये माझ्या सोन्या. घर तुझंच आहे."

६

मग मला एक युक्ती सापडली. आवाज गाण्यातच येतो असं नाही. साधं बोलणं अर्धवट सोडलं तरी येतो.

पहिल्यांदा ते चुकून झालं. मी भाजी चिरत पुटपुटले, "आज पगार झाला तर हे येताना..." आणि विळी हाताला लागली म्हणून थांबले. आतून आवाज आला, "जिलबी आणतील."

त्या दिवसापासून माझं जेवण, झोप, सगळं सुटलं. दुपारभर मी दाराशी बसायची आणि वाक्यं सोडायची. "कुंदा कुणाची लाडकी? कुंदा..."

"आईची."

"आणि शहाणी कोण?"

यावर काही नाही. प्रश्न विचारला की गप्प. वाक्य उघडं टाकलं तरच. "शहाणी आहे आमची..."

"कुंदा."

हसू नका. तुमचं मूल एक दिवस मुकं होऊ द्या, मग बघा तुम्ही काय काय करता ते. मी दाराआडच्या तिच्याशी शाळेच्या गप्पा मारल्या, क्षमाच्या खोड्या काढल्या, श्रावणात झोपाळा कुठं बांधायचा ते ठरवलं. हे संध्याकाळी येऊन संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत काय झालं ते सांगत बसायचे, मला त्यातलं अक्षर ऐकू यायचं नाही. उद्याची दुपार कधी होते असं व्हायचं.

एकदा जानकीमावशी दारात उभ्या राहून त्यांच्या मालवणीत म्हणाल्या, "जयंती, तुझा चेडू काय खाता की नाय गो? कसा सुकान गेला बघ." मी म्हटलं, आजारातून उठलेय, भरेल हळूहळू. आणि दार लावून घेतलं.

एक गोष्ट मात्र राहून राहून मनात येई. "आई" हा शब्द तो आवाज आपणहून कधी म्हणत नव्हता. मी सोडलेली जागा तेवढी भरत होता.

७

डाळीचं पातेलं कुंदाच्या हातून पडलं तेव्हा मला समजलं.

मी दाराकडे तोंड करून बसले होते. पायाला गरम काहीतरी लागलं म्हणून वळले, तर डाळ जमिनीभर, पातेलं पालथं, झाकण अजून गोल गोल फिरतंय. पितळेचं झाकण. शहाबादी फरशी. त्याचा आवाज शेजाऱ्यांना ऐकू जायला हवा होता. झाकण फिरत फिरत थांबलं. मला काहीही ऐकू आलं नाही.

मी बहिरी झाले की काय? तसं नव्हतं. खाली भंगारवाला ओरडत होता.

"कुंदा, चालून दाखव."

ती चालली. पावलांना आवाज नव्हता.

मी तिचा हात धरून हलवला. हातात हिरव्या काचेच्या बांगड्या. एकमेकींवर आपटत होत्या, मला दिसत होतं. किणकिण नव्हती. तंबोऱ्याची तार तिच्या बोटानं ओढून बघितली. तार थरथरली, तेवढंच. तीच तार मी छेडली तर सगळी खोली भरून गेली.

मग मी तिला जवळ ओढून तिच्या छातीला कान लावला. छाती वरखाली होत होती. अंग ऊन होतं. आत काही वाजत नव्हतं.

तिला तसंच उचलून प्रधान डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीवर नळी लावली, काढली, नळीवर टिचकी मारली, पुन्हा लावली. "कमाल आहे, नळी बिघडलेली दिसते," म्हणाले. मनगट धरून नाडी बघितली. "नाडी आहे. जरा मंद आहे. अशक्तपणा. दूध-अंडी द्या." मग नळी माझ्या छातीला लावून बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. घाईघाईनं दुसऱ्या पेशंटला हाक मारली.

घरी आलो. कुलूप उघडताना मी थांबले. दाराच्या आत, स्वयंपाकघरात, कुणाच्या तरी बांगड्या वाजत होत्या. पावलं इकडून तिकडे गेली. पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. कुंदा माझ्या कडेवर होती, एवढी मोठी पोर, कापसाइतकी हलकी, आणि माझ्या मानेत तोंड खुपसून थरथरत होती.

आपण काय करून बसलो, ते मला तिथं उंबऱ्यावर कळलं.

८

मी तिला जानकीमावशींच्या मांडीवर ठेवून वर्गाकडे पळत गेले. वर्ग भरलेला नव्हता. बुवा एकटेच खिडकीशी बसले होते. दाढी वाढलेली.

"आता इथं येत नाही ती," मला बघून म्हणाले. "जागा सोडून सोडून थकलो. तुमच्याकडे गेली ना?"

"बुवा, ती पोरीला नेतेय. थोडं थोडं नेतेय. काहीतरी करा हो!"

मी सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"मला मंत्रतंत्र येत नाही," ते म्हणाले. "मला एवढंच ठाऊक आहे, सोडलेली जागा ज्यानं सोडली त्यानं भरायची. तिच्या आधी. तुम्ही ओळ म्हणा आणि न थांबता पुरी करा. आणि त्यानंतर त्या घरात बोलणं अर्धवट टाकू नका. साधं 'अगं' म्हणूनसुद्धा थांबू नका."

"मग आवाज?"

"जाईल."

"कायमचा?"

बुवा गुडघ्यात डोकं घालून बसले. त्यांची पाठ हलत होती.

परत येऊन मी मावशींकडून कुंदाला उचलून आणलं. घरात शिरून दार लावलं, भर दुपारची वेळ, खिडकीतून लख्ख ऊन. कुंदाला मांडीवर घेतलं. तिला मी सांगितलं, "सोने, मला नको तुझा आवाज. तू मुकी राहा, जन्मभर राहा, तुझ्यासाठी मी बोलेन. तू फक्त राहा गं." तिनं माझा पदर दोन्ही मुठींत धरला. आणि पहिल्यांदाच, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, ती हसली.

स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. त्याच्या पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. अगदी दाराला टेकून.

मी सुरू केलं. "पाणियाला जाऊ सखी..." माझा आवाज फाटत होता. "चल गं..." पुढचे दोन शब्द ओठांवर आलेच होते. एवढासा श्वास घ्यायचा होता.

दारापलीकडून हाक आली, "आई."

मी सोडलेल्या जागेत नव्हे. आपणहून. ज्या सुरात ती शाळेतून येऊन दारातूनच हाक मारायची, दप्तर टाकायच्या आधी, त्याच सुरात. थंडीपासून मी रोज त्या एका शब्दासाठी जीव टाकत होते.

आई काय करते, कुणी हाक मारली की? विचार करते का?

"ओ," मी म्हटलं.

मांडीवरचं वजन गेलं. पदर मुठींतून सुटला. दार वीतभर उघडलं, फटीतून एक हात आला, हिरव्या बांगड्यांचा, आणि चौकटीवर टेकला. बांगड्या खळकन वाजल्या. मी डोळे गच्च मिटून घेतले.

"हळू हळू," कुणीतरी म्हटलं. ओळ पुरी झाली.

डोळे उघडले तेव्हा कुंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तेच परकर-पोलकं, त्याच दोन वेण्या.

"आई, भूक लागलीय गं," ती म्हणाली.

९

चाळीत पेढे वाटले. हे इतके रडले की मला त्यांना धरून बसवावं लागलं. सुहासिनीनं कुंदाला कवटाळलं, दृष्ट काढली. प्रधान डॉक्टर मुद्दाम घरी आले, छातीला नळी लावून "झकास!" म्हणाले, मग बॅटरीनं गळा बघितला. "शस्त्रक्रियेचा व्रणसुद्धा राहिला नाही. अशी जखम भरलेली मी पाहिली नाही." सगळे खुश. मी तिच्या गळ्याकडे बघितलं. भोक पाडल्याची खूण खरंच नव्हती. कधी नव्हतीच अशी कातडी.

बुवा एकदा आले. तिनं त्यांना गाऊन दाखवलं, अख्खी चीज, काही न सोडता. बुवा तंबोरा घेऊन मागे न बघता जिना उतरून गेले. पुढे वर्ग बंद झाला. ते कुठं गेले ते कुणालाच माहीत नाही.

ती वाईट नाही. उलट गुणी आहे. पहाटे उठते, मला मदत करते, यांचे पाय चेपते, दिवसभर गुणगुणते. झोपेत तिचा श्वास मला ऐकू येतो. शेजारी म्हणतात, जयंतीनं पोरीला मरणाच्या दारातून ओढून आणलं.

दुपारी ती बाहेरच्या खोलीत अभ्यासाला बसते आणि मी स्वयंपाकघरात येते. पाण्याच्या पिंपाच्या मागे, जिथं ऊन पोचत नाही, तिथं कुणीतरी पाय पोटाशी घेऊन बसलेलं असतं. रोज नसतं. दिसलं तरी क्षणभरच, नजर स्थिर केली की पिंप आणि भिंत. पण गळ्यावरचा व्रण मी बघितलाय. मुठीत पदर धरल्यासारखे हात बघितलेत. ती माझ्याकडे बघते आणि तोंड उघडते. आवाज येत नाही. ओठ हलतात तेवढे, आणि ते काय म्हणतात हे कुणी मला सांगायला नको.

मला ओ द्यायची असते. घसा दुखेपर्यंत द्यायची असते. एकदा दिलीसुद्धा, अगदी हळू, पदर तोंडात धरून.

बाहेरच्या खोलीतलं गुणगुणणं लगेच थांबलं. बांगड्या वाजल्या, पावलं दाराशी आली.

"आई," माझ्या लेकीच्या आवाजात तिनं विचारलं, "ओ कुणाला दिलीस गं?"